वरच्यांना काही होत नाही

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज हृदयाचा गुरुवार. महिन्यातून एकदाच येतो, गांधीजयंतीची सुट्टी असली तरी चुकत नाही, आणि माझं डोकं फिरवून जातो.

दवाखान्याच्या खिडकीवर बसून माझी हयात गेली. नाव लिहायचं, नंबर द्यायचा, बाकावर बसा म्हणायचं. एवढ्या वर्षांत सगळ्या तऱ्हेची माणसं पाहिली, पण हृदयाच्या गुरुवारी जे बघावं लागतं ते दुसऱ्या कुठल्याच दिवशी नाही. डॉक्टर खालच्या शहरातून जीपने येतात, सोबत मशीनचा पेटारा. घाटातल्या वळणांनी त्यांचं पोट असं ढवळून निघतं की नाकाशी लिंबू धरूनच उतरतात. पोरगेलासा चेहरा, तोही हिरवट पडलेला. गाव त्यांना लिंबूडॉक्टर म्हणतं. तोंडावर म्हणत नाही, एवढी अक्कल गावाला आहे.

तर हे लिंबूडॉक्टर एकेकाला विचारतात, "काय त्रास होतो?" आणि आमची माणसं सांगतात, "बरं आहे." बेकरीवाल्याला परवा पिठाचं पोतं उचलताना भिंत धरावी लागली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो आत गेला आणि म्हणाला, "बरं आहे, डॉक्टर." बाहेर आला, माझ्या खिडकीचे गज धरले आणि म्हणतो, "ताई, आडवं पडलं की श्वास अडकतो हो. बसूनच झोपतो हल्ली."

अरे, मग हे आत बोलायला जीभ काय गहाण टाकली होतीस? मी काय पेनाने तपासणार आहे तुला?

"ते बिचारे एवढ्या लांबून आलेत," तो म्हणाला. "चेहरा पाहिलात त्यांचा? त्यांनाच कुणीतरी तपासायला हवं."

दिवसभर हेच. आत सगळे ठणठणीत आणि माझ्या खिडकीवर सगळे मरणपंथाला लागलेले.

आमच्या घरचं माणूसही त्यातलंच. ह्यांच्या हृदयाची झडप बदलून तीन वर्षं झाली. रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, ती दर महिन्याला रक्त तपासून कमी-जास्त करावी लागते. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्त थांबायचं नाही, असा सगळा सुरीच्या धारेवरचा संसार. आणि हे आत जाऊन काय म्हणाले? बरं आहे. मी दाराबाहेरून ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

घरी येताना पायऱ्यांवर हे गिरणीच्या भिंतीपाशी थांबले. बुटाची लेस सुटली म्हणे. पुढे शाळेच्या फाटकाशी दुसऱ्या बुटाची. उभं आयुष्य घाटाच्या रस्त्यावर मुकादम होते, बुटातच वाढले म्हणायचे, आणि लेस बांधता येत नाही. मी आपली भिंतीला टेकून उभी राहिले. तेवढाच खांद्यातला ठणका उतरला. पिशवी जड होती.

१० ऑक्टोबर

मोठ्या डॉक्टरांनी खोलीत बोलावलं. आपल्या दवाखान्याचे प्रमुख, भला माणूस. आवाज इतका मऊ की वाईट बातमी आहे हे तिथेच कळलं.

नव्या वर्षापासून हृदयाचा गुरुवार बंद.

"का?" मी म्हटलं.

"खात्याचं म्हणणं आहे की गरज दिसत नाही. वर्षभर डॉक्टर वर जातायत आणि पेशंट म्हणतात आम्हाला त्रास नाही. चांगली हवा, रोजचा चढ-उतार, म्हणून वरच्यांना हृदयाचं फारसं काही होत नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढलाय."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार?"

हा भलेपणा चुलीत घाला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की भली माणसं नेमकी खिडकीबाहेर बघतात.

म्हणजे खाली ऑफिसात बसलेला कुणीतरी चहात बिस्कीट बुडवत ठरवणार की आम्हाला काही होत नाही. कधी वर आलाय का तो? गिरणीपासून आमच्या दारापर्यंत पायऱ्या चढून दाखव म्हणावं. संतापाने माझी छाती भरून आली. अगदी खरोखर भरून आली, एवढ्या गारठ्यात घाम फुटला. सिस्टर धावत आली, म्हणाली, "ताई, जरा बसा." मी म्हटलं, बसण्यानेच ही वेळ आली आहे आपल्यावर.

घरी येऊन सोडा घेतला. माझं पित्त पहिल्यापासून रागाला बांधलेलं आहे. शेजारच्या जाऊबाई वाटी परत द्यायला आल्या होत्या, म्हणाल्या, "अगं, खात्याचं काय व्हायचं ते होईल, पण तुझ्या पित्तावर गावातला सोडा संपेल." ह्या बाईला जगबुडीतही विनोद सुचेल.

१४ ऑक्टोबर

खालच्या ऑफिसात फोन लावला. तिसऱ्या माणसाने चौथ्याकडे दिला, आणि शेवटी स्वतः साहेब आले. त्यांच्याच सहीने गुरुवार बंद होणार आहे.

"मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो."

भावना! मी काय निरोपाच्या भाषणाला उभी होते?

"साहेब, माझ्या नवऱ्याची झडप बदललेली आहे. दर महिन्याला तपासावं लागतं."

"त्यांनी खाली यावं ना. सगळी सोय आहे इथे."

"यायला एक दिवस, जायला एक दिवस, आणि दरड आली की मुक्काम किती ते देव जाणे."

"पण तुमचे लोक तर बरं आहे म्हणतात. तुमच्याकडची हवा आमच्याकडे असती, तर आम्हीही डॉक्टरकडे गेलो नसतो." वर हसले.

"ते मेल्यावरसुद्धा बरं आहेच म्हणतील, साहेब! आणि हवेने झडप दुरुस्त होत असती तर आम्ही गावभर पंखे लावले असते."

मग म्हणाले, डिसेंबरच्या गुरुवारी मी स्वतः वर येतो. लोकांना खरंच त्रास असेल तर तो डॉक्टरांना सांगू देत, माझ्यासमोर. मग विचार करू.

विचार करतील म्हणे. फार उपकार झाले.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. गुरुवार बंद झाला तर हे खाली जाणार नाहीत. पहिले दोन महिने माझ्या धाकाने जातील. मग एकदा दरड येईल, एकदा पाऊस, एकदा कुणाचं लग्न, आणि मग मला सांगतील बरं आहे. तीन वर्षांपूर्वी असेच बरं आहे बरं आहे करत रस्त्याच्या कडेला कोसळले होते. चार माणसांनी फळीवर घालून आणलं. त्यांचे ओठ निळे झाले होते. ते निळे ओठ मला अजून दिसतात. ते पुन्हा बघायची माझ्यात ताकद नाही.

२५ ऑक्टोबर

ह्यांच्या लेसपायी आज मी पेटले. बाजारातून येताना गिरणीपाशी लेस, शाळेपाशी लेस, पाण्याच्या टाकीपाशी पुन्हा लेस. टाकीपाशी तर इतका वेळ वाकून बसले होते की मला वाटलं बूट शिवतायत की काय. मी म्हटलं, "अहो, पोरांनासुद्धा दुसरीत येते गाठ मारता!" ते म्हणाले, "हो, सैल बसते हल्ली." आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

परतून तशीच खाली दुकानात गेले आणि बिनलेसचे बूट घेऊन आले. बाजूला रबर आहे, पाय सरकवला की झालं. संसारातला एक तरी प्रश्न मी आज कायमचा सोडवला.

दोनदा चढल्यामुळे जबडा दुखतोय. डावीकडची दाढ असणार. गावात दाताचा डॉक्टर नाही, हेही लिहून ठेवते. एकेक करून सगळ्यांशी भांडणार आहे.

२७ ऑक्टोबर

आता बुटात खडा जातो म्हणे! गिरणीपाशी बूट काढला, उलटा केला, झटकला. मला तरी खडा दिसला नाही. शाळेपाशी दुसऱ्या बुटात. ह्या माणसापुढे मी हात टेकले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज माझी बेअब्रू झाली आणि मला त्याचं काही वाटत नाही.

सकाळी रांगेतल्या प्रत्येकाला मी खिडकीतून बजावलं होतं की आत जाऊन तोंड उघडा. सगळ्यांनी माना डोलावल्या. शिंप्याची आई पहिली. आत गेली. मी खुर्ची दाराशी ओढूनच बसले होते. डॉक्टर, लिंबू टेबलावर ठेवून, "आजी, चढताना दम लागतो का?" आजी म्हणाली, "छे! बरं आहे. तुम्ही काही खाल्लंत का?"

मग दूधवाली. बरं आहे. बेकरीवाला. बरं आहे. मग आमचे हे. "बरं आहे, डॉक्टर." तिथे माझा तोल गेला. खुर्ची सारून मी सरळ आत घुसले.

"डॉक्टर, ही सगळी माणसं खोटं बोलतायत! आणि तुम्हीही असं कसं विचारता, दम लागतो का, म्हणून? वरच्या माणसाला दम लागतो का विचारणं म्हणजे तू नालायक आहेस का विचारणं. नाहीच म्हणणार ना तो!"

डॉक्टर गोंधळले. बिचाऱ्यांचा चेहरा अजून निवळला नव्हता. शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही बसा आधी. किती धापा टाकताय. तुम्हाला काही त्रास होतो का?"

"मला कसला त्रास!" मी म्हटलं. "मी बरी आहे. मला त्रास आहे तो तुमच्या खात्याचा."

हे खाली मान घालून आपल्या नव्या बुटांकडे बघत बसले होते. माझ्या बाजूने एक शब्द बोलले नाहीत.

९ नोव्हेंबर

दोन दिवस ह्यांच्याशी अबोला होता. आज ह्यांनीच चहा केला आणि समोर आणून ठेवला. चहा कसला, कोमट पाणी. पण मी प्यायले.

मी विचारलं, "का सांगत नाही हो तुम्ही माणसं? डॉक्टर काय खाणार आहे?"

हे कमी बोलतात. पण आज बोलले. रस्त्याच्या कामावर कुणी एकदा म्हणाला की चढ झेपत नाही, की त्याला खालच्या कामावर पाठवायचे. घर वर, बायकापोरं वर, आणि हा खाली. काही जण मग घरदार उचलूनच खाली गेले, परत आले नाहीत. म्हाताऱ्यांचंही तेच. दम लागला म्हटलं की मुलं सामान बांधायला घेतात. म्हणून वर राहायचं असेल तर चढाचं नाव काढायचं नाही, हे सगळ्यांना लहानपणीच कळतं.

"मग मला कसं नाही कळलं?" मी म्हटलं.

"तुला तर सगळ्यात आधी कळलंय," हे म्हणाले आणि कप उचलून विसळायला घेऊन गेले.

काय बोलतात ते त्यांचं त्यांना माहीत. मी खात्याशी, साहेबाशी, डॉक्टरशी, सगळ्यांशी तोंड वाजवते. मी कधी गप्प बसले आहे?

२३ नोव्हेंबर, रविवार

आज दवाखान्याच्या हॉलमध्ये तालीम घेतली. हसू नका, तालीमच. सिस्टरने किल्ली दिली. बाकांवर माणसं मावेनात. मी जाहीर केलं की साहेब येणार आहेत, तेव्हा जो बरं आहे म्हणेल त्याला जन्मात पुन्हा माझ्या खिडकीवर नंबर मिळणार नाही.

जाऊबाईंना डॉक्टर केलं. गळ्यात स्टेथोस्कोप म्हणून उड्या मारायची दोरी. त्यांनी नाकाशी बटाटा धरला आणि हॉल हसून आडवा झाला.

"काय त्रास होतो?" जाऊबाई.

"बरं आहे," बेकरीवाला. सवयीने निघून गेलं. मी टाळी वाजवून थांबवलं.

शिंप्याची आई म्हणाली, "पण बाई, दारात आलेल्या पाहुण्यापुढे लगेच रडगाणं गायचं? बरं दिसतं का ते?"

"आजी, तो पाहुणा नाही, डॉक्टर आहे. त्याला रडगाणंच ऐकायचा पगार आहे."

"पण सांगायचं कसं?" दूधवाली म्हणाली. "होतं काहीतरी, पण शब्द नाहीत सापडत."

हे मात्र खरं होतं. ज्याचं कधी नावच काढलं नाही त्याला शब्द कुठून येणार? म्हणून मी स्वतः उभी राहिले आणि करून दाखवलं. म्हटलं, बघा, असं सांगायचं. चार पायऱ्या चढलं की इथे, छातीच्या मधोमध, कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटतं. मग ते जबड्यात चढतं, डावीकडच्या, दाढ दुखावी तसं. हात भरून येतो, पिशवी नकोशी होते. गारठ्यातही घाम सुटतो. थांबलं, भिंतीला टेकलं, की उतरतं. पहिल्यांदा टाकीपाशी व्हायचं, आता गिरणीपाशीच होतं.

मग टाळ्या! बेकरीवाला म्हणाला, "ताई, काय हुबेहूब केलंत! अंगावर काटा आला." सिस्टर तर नुसती बघतच राहिली माझ्याकडे. मी शाळेतही नाटकात काम करायचे, ते ह्या लोकांना माहीत नाही.

ह्यांनी एकट्यांनी टाळी वाजवली नाही. शेवटच्या बाकावर होते. म्हणाले, "पुन्हा एकदा सांग. सावकाश."

निदान एक माणूस तरी मनावर घेतोय, हे बघून मला भरून आलं. मी सावकाश सांगितलं. ते ओठांतल्या ओठांत घोकत होते.

३ डिसेंबर

उद्या साहेब येणार. दाढेत लवंग धरून बसले आहे. आज पायऱ्यांवर हे पाच वेळा थांबले. बूट झटकून झटकून झिजवणार. मी म्हटलं, "उद्या आत जाऊन हेच सांगा, की मला थांबावं लागतं." म्हणाले, "सगळं सांगतो."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलं.

९ डिसेंबर

खालच्या शहरातलं मोठं हॉस्पिटल. खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते, तिच्यातून तिसरीची. इथे येऊन राहायला सांगतात लोकांना! हे वही घेऊन आले म्हणून लिहिते आहे. उजवं मनगट बांधलेलं आहे, अक्षराला नावं ठेवू नयेत.

गुरुवारी काय झालं ते मी संतापातच लिहिणार, कारण मला अजून संताप आहे.

साहेब आले. तेही घाटात ओकले होते, एवढं समाधान मला पुरलं. डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. मी दाराशी. पहिली शिंप्याची आई. डॉक्टरांनी विचारलं. आजीने साहेबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं नाही." मग जी सुरू झाली ती थांबेना. गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळं सांगितलं, पण मधे छातीचंही सांगितलं. डॉक्टर लिंबू विसरून ऐकत होते. मग दूधवाली. मग बेकरीवाला, त्याला मशीनवर घेतलं तर डॉक्टर साहेबाला बोलावून पडद्यावर काहीतरी दाखवायला लागले. साहेबाचा चेहरा बघण्यासारखा होता. मी तिथल्या तिथे जिंकले होते.

मग हे आत गेले.

"काय त्रास होतो?"

हे ताठ बसले. शाळेतल्या मुलाने कविता म्हणावी तसे म्हणायला लागले. चार पायऱ्या चढलं की छातीच्या मधोमध पाटा ठेवल्यासारखं. मग जबड्यात, डावीकडे. हात भरून येतो. गारठ्यात घाम. थांबलं की उतरतं. पहिल्यांदा टाकीपाशी व्हायचं, आता गिरणीपाशीच होतं.

मी आधी खूश झाले. मग वाटलं, हे तर माझंच भाषण, शब्दाला शब्द. नक्कल करून डॉक्टरला फसवतायत, साहेबासमोर आमची लाज जाणार. आणि मग एकदम मनात आलं, खरंच असेल तर? म्हणजे एवढे दिवस माझ्यापासून लपवलं? मी दाराची कड धरली.

डॉक्टर गंभीर झाले. "काका, हे कधीपासून? झोपा इथे, कार्डिओग्राम काढू."

"माझा नको," हे म्हणाले. "हे माझं नाही. मी बरा आहे. हे तिचं आहे. ती दाराबाहेर उभी आहे. ती सांगणार नाही."

सगळा बाक माझ्याकडे बघायला लागला. जाऊबाई, बेकरीवाला, सिस्टर, सगळे. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "काहीतरीच काय! मी बरी आहे." माझ्याच तोंडून निघालं ते. आणि तेवढ्यात पाटा आला. न चढता, नुसतं उभं राहून आला. पुढचं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. टेबलाचं गार रेक्झिन, छातीला चिकटवलेल्या वायरी, डॉक्टर कागदाची पट्टी हातात धरून एकदम मोठे झाल्यासारखे. "आत्ता खाली न्यायचं. माझ्या जीपमध्ये."

माझ्या नाकाला ऑक्सिजन, हे माझ्या डोक्याशी, समोर डॉक्टर माझी नाडी धरून. वळणावळणाला ते हिरवे पडत होते पण त्यांनी हात सोडला नाही. लिंबू वरच राहिलं होतं. ह्यांनी मला सांगितलं की त्या अवस्थेतही मी साहेबाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत होते की हवा फार चांगली आहे हो आमच्याकडे. साहेब पुढच्या सीटवर बसले होते.

मनगटातून तार घालून बंद पडलेली वाट उघडली आणि आत स्टेंट बसवला. दुसऱ्या दिवशी लिंबूडॉक्टर येऊन म्हणाले, आणखी एक महिना गेला असता तर कठीण होतं. मी विचारलं, गुरुवारचं काय? तर साहेबांनी सांगितलंय की तूर्त चालू ठेवू, सहा महिने, प्रयोग म्हणून. प्रयोग! आम्ही काय बेडूक आहोत? बरी झाले की पहिला फोन तिकडेच.

पण ह्यांच्यावरचा राग निराळा आहे. एवढं ओळखलं होतं तर मला का नाही सांगितलं? हे विचारलं मी.

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

गिरणीची भिंत आठवली, शाळेचं फाटक आठवलं. बिनलेसचे बूट मीच घेऊन दिले होते, आणि ह्या माणसाने त्यातही खडे शोधले, रोज, मला भिंतीला टेकता यावं म्हणून. मी तोंड भिंतीकडे केलं आणि रडले. राग आला की मला रडू येतं, तसं नव्हतं ते.

१० डिसेंबर

सकाळी इथले सगळ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले, मागे शिकाऊंची वरात. "काय, कशा आहात आजी?"

आजी म्हणे. तुझ्या आईच्या वयाची असेन फार तर.

पण माणूस कामात होता, पुढे जायची घाई दिसत होती. मागची पोरंही पेन सरसावून दमलेली. कशाला त्यांचा खोळंबा करा, असं आलंच मनात. जिभेवर शब्द तयार होता, एवढी वर्षं तयारच आहे तो.

हे खिडकीपाशी उभे होते. माझ्याकडे न बघता सावकाश खाली वाकले आणि बिनलेसच्या बुटाला हात घातला.

"दुखतंय," मी म्हटलं. "इथे. थांबा, सगळं सांगते."